उपाशी खाडीतले घरचे दगड

ट्रॉम्सो, ४ ऑक्टोबर १८७४

क्लाउस,

धाकट्या भावाला लिहिताना सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. चार वर्षांत तू मला एक ओळ पाठवली नाहीस, आणि आता पाठवलीस तीही अशी, की मजकूर तुझा आणि खाली सही माझी. तेव्हा आशीर्वाद राहू दे.

तुझं जाडजूड पाकीट परवाच्या बोटीने आलं. आबेलोनेला वाटलं, ख्रिस्तियानियात धाकट्या भावाच्या घरी बारसं असेल. बिचारी हात पुसत धावत आली. आत निघालं शपथपत्र. मी ते दोनदा वाचलं. 'मी, सिव्हर्ट तोबियासेन, एलिदा गलबताचा तांडेल, सत्तावीस उन्हाळे स्पिट्सबर्गनला शिकारीस जात असून, देवाला स्मरून सांगतो की सदर खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर माझ्या माहितीत कोणत्याही जहाजाने कधीही तळाचे दगड उतरवलेले नाहीत.' भाषा झकास आहे. आपल्या बापाचा मुलगा असं लिहू शकतो हे बघायला बाप हवा होता.

'सदर खाडी' म्हणजे तुझ्या नकाशातली ती, जिला तू विद्यापीठाच्या कुठल्याशा कुलगुरूचं नाव ठेवलंस. तो माणूस गुडघाभर बर्फातून कधी चाललाय का? आम्ही तिला उपाशी खाडी म्हणतो, आणि आपले आजोबासुद्धा तेच म्हणत होते. तिथे हिवाळा काढणाऱ्यांनी कमरेचे पट्टे उकडून खाल्लेत. कुलगुरूंना हे कळवलंस का?

तुझा तो स्वीडिश वैरी, डॉ. स्टेन्ग्रेन, सप्टेंबरात इथे येऊन गेला. तुला कळलंच असेल, नाहीतर तुला भाऊ कशाला आठवला असता! उन्हाळाभर तो उपाशी खाडीत तुझे दगड मोजत बसला होता. पायात नवे कोरे सीलच्या कातड्याचे बूट, आणि चालणं असं की बूटच त्याला घेऊन चाललेत. स्वयंपाकघरात बसला. आबेलोनेने कॉफी दिली, भाकरीवर लोणी लावून दिलं.

"तांडेल," तो म्हणाला, "तुमचे बंधू लिहितात, की हे तांबड्या दाण्यांचे दगड हजारो वर्षांपूर्वी बर्फाने नॉर्वेच्या किनाऱ्यावरून तिकडे वाहून नेले."

"लिहितो खरा."

"मी ते मोजले. एका गलबताच्या तळात मावतील एवढेच आहेत. आणि सगळे एका ढिगात! दोन्ही बाजूंना मैलभर शोधलं, एक नाही सापडला. बर्फ काय दगड रचून ठेवतो?"

"बर्फाला विचारा," मी म्हणालो.

आबेलोने हसली. तोही हसला, पण वही मिटली नाही. "त्या दांड्याशी कोण नांगर टाकतं?"

मी तोंड उघडायच्या आधी आबेलोनेच बोलली. "कोणी नाही टाकत. माझा नवरा गेला त्या खाडीत. त्याचं जहाज बर्फात चिरडलं होतं, पाच जण खोपीत वाट बघत होते. त्या वर्षी खाडीचं तोंड बर्फाने बुजलेलं. हा माझा भाऊ स्वतः त्यांना आणायला गेला होता, दोन दिवस बाहेर घिरट्या घातल्या आणि परत फिरला." आणि भाकरीची ताटली त्याच्यापुढे सरकवली. अभिमानाने सरकवली, क्लाउस. अकरा वर्षं ती लोकांना हेच सांगते आहे.

मी उठून चुलीत लाकूड घातलं. चूल चांगली पेटलेली होती.

तुझ्या कागदावर मी सही करणार नाही. कारण विचारू नकोस. तू 'प्रवासवर्णन' लिहिलंस, त्यात जहाजाचं वजन आहे, डोलकाठीची उंची आहे, आणि तांडेलाचं नाव नाही. 'कुशल स्थानिक खलाशी' म्हणे. तुझ्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली, कारण तू बर्फात बसून तीन तास एका कपारीवर हातोडा मारत होतास. ती मी सुरीने कापली, आणि तुला पाठीवर घेऊन अडीच मैल चाललो. पुस्तकात लिहिलंस, 'शस्त्रक्रिया जहाजावर पार पडली.' जहाजाने केली वाटतं.

त्या 'कुशल स्थानिका'च्या सहीवाचून तुझं काय अडतंय?

सिव्हर्ट

---

ट्रॉम्सो, ३ नोव्हेंबर १८७४

क्लाउस,

तुझं उत्तर पहिल्याच बोटीने आलं. इतकी तत्परता तू बापाच्या मयताला दाखवली नव्हतीस.

लिहितोस की फेब्रुवारीत अकादमीपुढे स्टेन्ग्रेन बोलणार, तुझं आयुष्यभराचं काम निरमाचा ढीग ठरणार, तुझी प्राध्यापकी जाणार, लोक तुला रस्त्यात हसणार. 'शेवटी दोन ओळींचा तर प्रश्न आहे, सिव्हर्ट. घराण्याच्या नावासाठी एवढं करशील.' घराणं! आमच्या मासळीच्या वासाने तुझी बायको नाकाला रुमाल लावते, तेव्हा हे घराणं कुठे जातं?

ठीक आहे. तुला कारण हवंय ना, मग घे. पण बसून वाच.

तुला विद्यापीठात शिकवलं नसेल म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. गलबत उत्तरेला जातं तेव्हा पोटात रिकामी पिंपं असतात. ते लाटेवर कलंडू नये म्हणून तळाला दगड भरतात, तेच निरम. तिकडे वॉलरसची कातडी आणि चरबी भरली, की दगड उचलून फेकायचे. ट्रॉम्सोतलं लहान पोरही हे जाणतं. तूही जाणत होतास. आपल्या नावघराच्या मागच्या किनाऱ्यावरून, जिथे तू लहानपणी तांबडे दाणे टोकरून काचेच्या बरणीत भरायचास, तिथूनच मी दरवर्षी एलिदात दगड भरतो. तिथेच तू दगड शिकलास. शाळेच्या रेक्टरने ती बरणी बघितली, बापाने दुसरी होडी विकली, आणि तू शहरात जाऊन मोठा झालास.

ते दगड माझे आहेत, क्लाउस. मी उतरवले. हजारो वर्षांपूर्वी नाही, शंभरही नाही, बरोबर अकरा वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या बाविसाव्या दिवशी.

आता तुला अडुसष्टचा तो दिवस आठवेल. तुझी मोहीम, माझं जहाज. मी तुला म्हणत होतो, उपाशी खाडीत काही नाही, पुढे चल. तू हट्टाला पेटलास, तिथला काळा, पाटीसारखा सुटणारा दगड तुला बघायचा होता. दांड्यावर उतरलास, आणि हातोडा वर धरून लहान मुलासारखा ओरडलास, "सिव्हर्ट! अरे हा आपल्याकडचा दगड! आपल्या घरामागचा! बर्फाने आणला, बघ, बर्फाने आणला हा!" माझे खलाशी माझ्याकडे बघत होते. म्हातारा एर्की, आमचा फिनी स्वयंपाकी, तेवढाच त्यातला जुना होता. तो खाली बघून हसत होता. मी काय म्हणालो आठवतं? मी म्हणालो, "हो का?"

तू माझ्या गळ्यात पडलास. मग आपण खाडीच्या आत गेलो आणि आबेलोनेच्या हेनिंगच्या आणि त्याच्याबरोबरच्या चौघांच्या थडग्यावर तू क्रूस रोवलास, प्रार्थना म्हणालास. मीही टोपी काढली.

मी त्या दिवशी खरं बोललो असतो तर तुझं हसं झालं नसतं. ते माझ्या पदरात घाल. बाकीचं तुझ्या पदरात.

आता त्रेसष्टचं सांगतो, म्हणजे तुला कळेल की मी गप्प का बसलो. हेनिंगचं जहाज चिरडलं, तेव्हा हॅमरफेस्टचा एक तांडेल तिथून चालला होता. त्याचं जहाज आधीच भरलेलं. बारा जणांतले सात त्याने घेतले. पाच जण म्हणाले, आम्ही मागे राहतो, शिकार सोडून जाणार नाही, सिव्हर्ट अजून उत्तरेला आहे, तो येईल. हॅमरफेस्टवाल्याने मला समुद्रात गाठून हे सांगितलं. मी निघालो. खाडीचं तोंड उघडं होतं. चौकशीत मी सांगितलं की ते बुजलं होतं, ते खोटं.

दांड्यावर त्यांची शिकार होती. चाळीस वॉलरसची कातडी, चरबीची पिंपं, वरून शीड झाकलेलं, आणि त्यावर हेनिंगची खूण. माणूस एकही नव्हता, होडी नव्हती. खाडीत धुकं दाटलं होतं, हात लांब केला तर दिसत नव्हता. पूर्वेचा वारा सुटला, पाण्यावर नवा बर्फ धरायला लागला. मला वाटलं, ते होडीतून निघून गेले, बुडाले असतील. खोपी दीड मैल आत. त्या धुक्यात आणि बर्फात होडी पाठवली असती तर माझीच माणसं गेली असती. आम्ही दगड उतरवले, शिकार भरली आणि बाहेर पडलो.

म्हणून मी सही करणार नाही. एक खोटी शपथ माझ्या गळ्यात आहे, दुसरी मी तुझ्या खुर्चीसाठी घेणार नाही. तू अकादमीला लिही की चूक झाली. शास्त्रज्ञ चुकतात असं तूच लिहितोस, बहुतेक दुसऱ्यांबद्दल.

सिव्हर्ट

ता. क. स्टेन्ग्रेन एर्कीला दारूच्या गुत्त्यात दोनदा भेटला होता म्हणे. एर्कीने त्याची दारू प्यायली आणि फिनी भाषेत गाणी म्हटली. अजून तरी एवढंच.

---

ट्रॉम्सो, ११ डिसेंबर १८७४

डॉक्टर तोबियासेन,

म्हणजे तुला माहीत होतं!

मी तुझं पत्र नावघरात नेऊन वाचलं, कारण घरात वाचलं असतं तर माझा आवाज आबेलोनेने ऐकला असता. 'प्रिय सिव्हर्ट, तुझ्या कबुलीने मला धक्का बसला नाही.' कसा बसेल! ख्रिस्तियानियाला पहिल्याच हिवाळ्यात तू एक दगड करवतीने कापलास, आणि त्याच्या भेगेत डांबर सापडलं. नावेचं डांबर. तू लिहितोस, 'मला वासावरून कळलं.' छान! आपल्या घराचा वास तुला अजून ओळखू येतो, हे वाचून आईला बरं वाटलं असतं.

म्हणजे पुस्तक छापायच्या आधी तुला कळलं होतं. दगड कोणाचे तेही कळलं. मी खाडीत होतो तेही कळलं. आणि तरी पुस्तक आलं, चित्रांसकट. आणि आता म्हणतोस, 'मी गप्प बसलो ते तुझ्यासाठी. मी निरम म्हटलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, कोणाचं?'

माझ्यासाठी! अरे वा! माझ्यासाठी तू प्राध्यापक झालास, माझ्यासाठी राजाच्या हातून पदक घेतलंस. मला कळवायचंस तरी, मी टाळ्या वाजवल्या असत्या.

तू माझ्यावर उपकार केलेस असं तुला खरंच वाटतं का, हे मी आठवडाभर विचार करतोय. मला वाटतं तुला वाटत असेल. तू लहानपणीही असाच होतास. बरणी फुटली तर मांजरावर ढकलायचास, आणि मग मांजराची कीव येऊन त्याला दूध द्यायचास. आम्ही हसायचो.

तू मला आपला रिवाजही समजावून सांगतोस. मला! 'शिकार करणारा जिवंत असेल, तर शिकार त्याची, आणून देणाऱ्याला फक्त आणल्याचा वाटा. तो मेला असेल, तर ज्याला सापडली त्याची. म्हणजे, सिव्हर्ट, ते मेलेत असं मानणं तुला सोयीचं होतं.' शाईने लिहिलंयस हे, स्वच्छ अक्षरात. हो, होतं सोयीचं. मी कातड्यांवरच्या हेनिंगच्या खुणा कापून काढल्या आणि माल हॅमरफेस्टला विकला, ट्रॉम्सोला आणला नाही. हे तू लिहिलेलं नाहीस, कारण तुला माहीत नाही. आता झालं माहीत. घाल पुस्तकात.

खलाशांना वाटा मिळाला, ते गप्प राहिले. चौघे पुढे समुद्रातच गेले, एक अमेरिकेत आहे, एर्की गुत्त्यात आहे.

आणि शेवटचं पान. त्याचा राग मला शब्दांत मांडता येत नाही, तरी प्रयत्न करतो. 'तू सही करून पाठव. जानेवारीअखेर ती मिळाली नाही, तर नाइलाजाने मला आबेलोनेला सगळं कळवावं लागेल.'

नाइलाजाने. पाच वर्षं तू आबेलोनेला नाताळला सुंदर पत्रं लिहितोस. 'प्रिय ताई, हेनिंगच्या थडग्यावर मी स्वतः क्रूस रोवला.' ती ती पत्रं शेजारणींना वाचून दाखवते. पहिल्या पत्रापासून तुला माहीत होतं की तिचा नवरा कसा मेला, आणि तू तिला नाताळच्या शुभेच्छा देत होतास. मी चोर आहे, क्लाउस. पण मी चोरी करून रोज तिच्यासमोर जेवायला बसतो, आणि घास गिळता येत नाही. तुला तिकडे सुखाने गिळता येतो.

लहानपणी कोणी तुला मारलं, तर तू मला हाक मारायचास. मी जाऊन त्याचं नाक फोडायचो. आता तुझं नाक फोडायला मला बाराशे मैल यावं लागेल, आणि आत्ता थंडीत बोट सावकाश चालते.

जानेवारीअखेरपर्यंत वेळ आहे म्हणतोस. बघू.

सिव्हर्ट तोबियासेन
एलिदाचा तांडेल

---

ट्रॉम्सो, १९ जानेवारी १८७५

क्लाउस,

शपथपत्र सोबत आहे. तू पाठवलेलं नाही, मी लिहिलेलं. त्याच्या तीन प्रती केल्या. एक इथल्या न्यायाधीशाकडे दिली, एक डॉ. स्टेन्ग्रेनला याच बोटीने जातेय, तिसरी तुझी. वाचून झाल्यावर ती अकादमीला दाखव किंवा चुलीत घाल, आता काही फरक पडत नाही. न्यायाधीशाने मला आत बोलावलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, "तांडेल, हे अकरा वर्षांपूर्वीचं आहे. तुम्हाला खात्री आहे ना, की हे मला द्यायचंय?" मी म्हणालो, खात्री आहे. खोटी शपथ घेतल्याबद्दल वसंतात मला कोर्टात उभं करतील. एलिदा यंदा दुसरा कोणीतरी नेईल.

तुझं हत्यार होतं आबेलोने. ते तुझ्या हातातून काढून घ्यायचा एकच रस्ता होता, की मी आधी सांगायचं. खरं सांगतो, सुरुवातीला मी फक्त त्यासाठीच सांगायचं ठरवलं होतं. पश्चात्ताप वगैरे नंतर. तुझी फेब्रुवारीची सभा डोळ्यांसमोर आणली आणि मला इतकं बरं वाटलं की मी शिट्टी वाजवत घरी आलो.

रविवार होता. आबेलोने चर्चहून आली होती. भर दुपारी दिवा लावून बटाटे सोलत बसली होती. मी म्हणालो, "आबेलोने, ती सुरी ठेव खाली."

"का? भोसकणार का मी तुला?"

"कदाचित."

तिने सुरी ठेवली नाही. सोलत राहिली आणि म्हणाली, "क्लाउसबद्दल आहे ना काही? तीन महिने तुझी पत्रं येताहेत न् तू नावघरात जाऊन वाचतोस. मला वाटलं, त्याने तुझ्याकडे पैसे मागितलेत."

मग मी सांगितलं. क्रमाने सांगितलं, जसं तुला नोव्हेंबरात लिहिलं तसं. हॅमरफेस्टवाला, उघडं तोंड, दांड्यावरची शिकार, धुकं, वारा, नवा बर्फ. दगड उतरवल्याचं सांगितलं. खुणा कापल्याचं सांगितलं. तू डांबराचा वास ओळखलास आणि तरी पुस्तक छापलंस, हेही सांगितलं. तुला यातून सोडलेलं नाही, काळजी करू नकोस.

ती ऐकत होती. बटाट्यांचं पाणी काळं झालं होतं. मला वाटलं ती ओरडेल. तिच्या ओरडण्याची मी तयारी करून आलो होतो, क्लाउस. त्याला उत्तर होतं माझ्याकडे. की अकरा वर्षं मी तुला सांभाळलं, तुझं छप्पर दुरुस्त केलं, तुझ्या मुलीचं लग्न लावून दिलं. हे सगळं मी मनात घोकून ठेवलं होतं.

ती ओरडली नाही. हातातला बटाटा तिने सोलून पाण्यात टाकला. मग तिने सुरी पुसून बाजूला ठेवली आणि विचारलं, "धुकं होतं म्हणालास?"

"हो."

"बाविसाव्या तारखेला?"

"हो."

"पूर्वेचा वारा सुटला होता, असंही म्हणालास."

तिच्या बापाचं, आपल्या बापाचं, सगळं आयुष्य समुद्रात गेलं, आणि नवरा भाला फेकणारा होता. पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यात धुकं राहत नाही, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तुलाही नव्हती. नोव्हेंबरात ते पत्र तू वाचलंस, आणि तुला ते कळलं असणार. तू त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. तेव्हा मी तुझे आभार मानले होते मनात. आता मानत नाही.

"हेनिंग जिथे असेल तिथे चूल विझायची नाही," ती म्हणाली. "घरात त्याने कधी विझू दिली नाही. ओलं लाकूड असलं तरी फुंकत बसायचा. खोपीतून धूर निघत होता का, सिव्हर्ट?"

क्लाउस, हे मी तुला लिहिलं नव्हतं. न्यायाधीशाकडे दिलेल्या पहिल्या कागदातही नव्हतं. एर्की आणि अमेरिकेतला तो एक सोडून हे जगात कोणाला माहीत नाही. मी स्वतःलाही इतक्या वेळा धुकं सांगितलं होतं, की कधी कधी मला खरंच धुकं आठवायचं. हवा लख्ख होती. खोपी दीड मैलावर होती, पण हात लांब करावा इतकी जवळ दिसत होती.

"होता," मी म्हणालो.

"सरळ वर जात होता की वाऱ्यावर?"

"वाऱ्यावर. आमच्याकडे."

"म्हणजे तुला वासही आला असेल."

"आला."

माझ्या खलाशांतला एक जण म्हणाला होता, तांडेल, धूर दिसतोय. मी म्हणालो, दगड उतरवा. एवढंच म्हणालो. दुपारभर दगड पाण्यात आणि वाळूत आपटत होते, आणि मी पाठ करून उभा होतो, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता येईल की मी बघितलं नाही. आणल्याचा वाटा आणि सगळी शिकार, यात केवढा फरक असतो हे तुला ठाऊक आहे. मला तेव्हा नवं जहाज बांधायचं होतं. एलिदा त्याच पैशातून बांधली. तू तिच्यावरून तुझी मोहीम केलीस.

म्हणून तुझी आणि स्टेन्ग्रेनची प्रत दुसऱ्यांदा लिहिलेली आहे. न्यायाधीशाचीही मी काल बदलून दिली. त्यात धुकं नाही.

आबेलोनेने तुला निरोप दिलाय. तिला नाताळची पत्रं पाठवू नकोस. तुझी आधीची पाचही तिने मला परत द्यायला सांगितली आहेत, ती वेगळ्या पाकिटात येतील. ती परवाच्या बोटीने मुलीकडे बॅल्सफ्योर्डला जातेय. मी म्हणालो, बर्फाचे दिवस आहेत, वसंतात जा. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

स्टेन्ग्रेन जिंकला असं समजू नकोस, आणि मी जिंकलो असंही समजू नकोस. मी त्या दुपारी स्वयंपाकघरात उभा होतो आणि मला वाटत होतं की सगळं सांगून झालं, आता माझ्याजवळ लपवायला काही उरलं नाही, आता हिने हवं ते म्हणावं. आबेलोने खुर्चीवरून उठली. शाल घेतली. दारात उभी राहिली आणि विचार केल्यासारखं, अगदी हळू, माझ्याशी नाही तर स्वतःशीच बोलली.

"तुला त्यांचा धूर दिसला," ती म्हणाली. "मग त्यांनाही तुझं शीड दिसलं असणार. येताना, आणि जाताना."

सिव्हर्ट